सिंधूचे सामने: पूर्ण लांबीचे आणि फुकट

पी. व्ही. सिंधूचे बरेचसे मोठे सामने आता यूट्यूबवर पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या हस्तांदोलनापर्यंत बघायला मिळतात. जागतिक स्पर्धेतले सामने बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाच्या वाहिनीवर आहेत, रिओची फायनल ऑलिम्पिकच्या वाहिनीवर. दमडी लागत नाही. मी संध्याकाळी मुलींची बॅच घेते. पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात पाणी टपकायला लागलं की शॅडो (शटलशिवाय पायांचा सराव) बंद आणि मोबाइलवर सामना चालू, असा आमचा शिरस्ता आहे. तेव्हा हा माल भरपूर वापरून झालेला आहे आणि त्यावर बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते.

पहिलं सांगणं हे की हायलाइट्सच्या नादी लागू नका. ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेची फायनल घ्या, 27 ऑगस्ट 2017. जपानची नोझोमी ओकुहारा जिंकली, 21-19, 20-22, 22-20, आणि सामना चालला 110 मिनिटं. त्याच्या तुकड्यांमध्ये दुसऱ्या गेमची शेवटची रॅली हमखास असते, त्र्याहत्तर फटक्यांची. मुली ती बघतात, ‘बाप रे’ म्हणतात आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतात. पण ती रॅली एवढी का लांबली हे तिच्यात दिसतच नाही. ते दिसतं आधीच्या तासाभरात. सिंधू उंच, पाच फूट अकरा इंच; ओकुहारा चणीने लहान, पण शटल जमिनीवर पडूच द्यायचं नाही असा विडा उचलून आलेली. सिंधूचा स्मॅश परत येतो. हाफ स्मॅश परत येतो. ड्रॉप टाकला तर ही बया नेटवर आधीच हजर. मग हळूहळू सिंधू स्मॅश मारायचं कमी करते आणि दोघी एकमेकींना मागच्या रेषेवर खिळवत राहतात. त्र्याहत्तर फटके असे पिकतात. बॅचमधल्या मुलींना ‘पेशन्स ठेव’ असं शंभरदा ओरडून जे कळत नाही ते हा सामना सलग बघितला की थोडंफार कळतं. ती रॅली, आणि तिच्याबरोबर दुसरा गेम, सिंधूने जिंकला होता. सामना मात्र गेला.

रिओची फायनल दाखवायला जास्त अवघड. पहिल्या गेममध्ये सिंधू 16-19 अशी मागे होती, तिथून सलग पाच गुण घेऊन 21-19. इथे सगळ्या टाळ्या पिटतात. मग दुसऱ्या गेममध्ये स्पेनची कॅरोलिना मारिन मध्यंतरालाच 11-2 वर पोचते आणि एक चिमुरडी म्हणते, ‘ताई, हा भाग पळवा ना.’ मी पळवत नाही. डावखुरी खेळाडू समोर असली की नेहमीची कोन मोजायची सवय उलटी पडते, आणि मारिन तर त्यावर वेगही चढवते. प्रत्येक गुणानंतर ओरडते, सर्व्हिससाठी थांबायला तयार नसते, समोरच्याला श्वास म्हणून घेऊ देत नाही. सिंधूला हे उमगतं आणि तिसऱ्या गेममध्ये ती मुद्दाम सावकाश होते. घाम पुसते, रॅकेटच्या तारा सारख्या करते. 10-10 पर्यंत येतेही. शेवटी 21-19, 12-21, 15-21 आणि रौप्य. दोन गुणांच्या मधल्या वेळात या खेळाडूंचं काय चाललंय ते बघायचं असेल तर पूर्ण चित्रफीत हवीच, कारण संपादक पहिली कात्री तिथेच लावतो. सामना संपल्यावर मारिन कोर्टवर कोसळून रडते आणि सिंधू जाऊन तिला जवळ घेते, तेही बघून मगच बंद करा.

आता तक्रारी. कॅमेरा कोर्टच्या मागे, उंचावर असतो. दूरदर्शनच्या काळापासून तो तिथेच आहे आणि बहुधा तिथेच राहणार. त्या कोनातून कोर्टची खोली चपटी होते. सिंधूचा स्मॅश किती उभा खाली येतो हे समजत नाही, टॉस, म्हणजे उंच मागे टाकलेला फटका, गेला की शटल नुसतं तरंगतंय असं वाटतं. हॉलमधल्या वाऱ्याने शटल कसं वाहत जातं हे तर अजिबात दिसत नाही. मग खेळाडूने सोपा टॉस बाहेर का घालवला म्हणून घरातले काका तिला शिव्या घालतात. बाजूच्या, खालच्या कोनातून घेतलेली रीप्ले आली की डोळे उघडतात, पण ती चार सेकंदांत जाते. समालोचन इंग्रजीत. आमच्या मुलींच्या डोक्यावरून जातं, म्हणून मी आवाज बंद करते आणि स्वतःच बडबडते. अर्थात त्यात एक नुकसान आहे: बुटांचा आवाज जातो. चांगल्या खेळाडूचं फुटवर्क कानाने ओळखता येतं, समोरची शटल मारते त्याच क्षणी होणारी ती बारीकशी उडी आणि लगेच निघालेलं पाऊल. म्हणून एकदा आवाज ठेवून, एकदा बंद करून बघा. गती कमी करायची सोय आहे ती वापरा. पाव गतीवर सिंधूची मनगटं बघितली की पोरींना कळतं की ‘जोर लाव’ म्हणजे खांदा उपटायचा नसतो.

पाचपैकी चार तारे. फुकट आहे म्हणून वाढवून दिलेले नाहीत.

एक तारा कापला तो कॅमेऱ्यासाठी नाही, जे मिळत नाही त्यासाठी. सिंधू आणि साइनाच्या आधी आपल्याकडे कोणी खेळतच नव्हतं अशी या पिढीची प्रामाणिक समजूत आहे, आणि पडद्यावर बघितलं तर तिला दुजोराच मिळतो. मुंबईच्या अपर्णा पोपटने सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. 1998 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत क्वालालंपूरला तिला रौप्य मिळालं. अमी घिया मुंबईचीच. तिने आणि कंवल ठाकरसिंगने 1978 मध्ये दुहेरीत राष्ट्रकुलचं कांस्य आणलं. त्याही आधी, चाळीसच्या दशकात, पुण्याच्या देवधर भगिनी, म्हणजे क्रिकेटवाल्या प्रा. दि. ब. देवधरांच्या मुली, राष्ट्रीय विजेत्या होत्या. मुलींना दाखवायला यातला एकही पूर्ण सामना माझ्या हाती लागला नाही. नावं तोंडी सांगते. त्या ऐकून घेतात, आजीच्या लहानपणच्या गोष्टी ऐकतात तशा.

कुठला सामना आधी बघावा? सगळे जण बासेलची फायनल सुचवतील. 25 ऑगस्ट 2019, ओकुहारावर 21-7, 21-7, अवघी 38 मिनिटं, भारताचं बॅडमिंटनमधलं पहिलं जागतिक विजेतेपद. राष्ट्रगीताच्या वेळी मीही उभी राहिले, नाही म्हणत नाही. पण शिकायचं म्हणून बघाल तर मला तो या सगळ्यांतला सर्वांत निरुपयोगी सामना वाटतो. सगळंच जमून आलेलं असतं तेव्हा बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी त्याच स्पर्धेतली तैवानच्या ताई त्झू-यिंगविरुद्धची उपांत्यपूर्व लढत लावा. 12-21, 23-21, 21-19. पहिला गेम सिंधू अक्षरशः फसत असते: ताई रॅकेट एका दिशेला नेते आणि शटल भलतीकडे जातं. दुसऱ्या गेमपासून सिंधू अंदाज बांधायचं सोडते, हाताला न भुलता शटल निघेपर्यंत थांबते, आणि उंचीच्या जोरावर उशिरा निघूनही पोचते. ‘थांब, मग धाव’ हे आमच्या बॅचचं घोषवाक्य तिथूनच आलेलं आहे.

आणि बासेल बघायचंच तर आधी 2018 बघा. एप्रिलमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत गोल्ड कोस्टला रौप्य, ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेत नानजिंगला मारिनकडून हरून रौप्य, त्याच महिन्यात जकार्त्यात आशियाई स्पर्धेत ताईकडून हरून रौप्य. त्या वर्षी चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगत होता की हिला फायनल झेपत नाही. डिसेंबरात ग्वांगझूला वर्षअखेरची स्पर्धा तिने ओकुहारालाच 21-19, 21-17 हरवून जिंकली. हा सामना फार जणांनी बघितलेला नसतो. बासेलची 38 मिनिटं कुठून आली ते इथे दिसतं: पुढे निघाल्यावर ती सुरक्षित खेळत बसत नाही, स्मॅश मारतच राहते.

टोकियो ऑलिम्पिकच्या कांस्याचा सामना, चीनच्या हे बिंगजिआओविरुद्ध 21-13, 21-15, चांगला आहे, लवकर संपतो. 2024 मध्ये पॅरिसला त्याच हे बिंगजिआओने तिला 21-19, 21-14 असं हरवलं. तो मी एकदाच बघितला.

गोल्ड कोस्टची फायनल मात्र बॅचमध्ये लावण्याआधी विचार करा. समोर साइना, आणि ती 21-18, 23-21 जिंकते. आमच्याकडे दुसरा गेम ड्यूसमध्ये, म्हणजे 20-20 वर, गेल्यावर अर्धा हॉल एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे झाला होता. पाऊस थांबला तरी एकीलाही कोर्टवर जायचं नव्हतं, आणि दोघी जणी अजून एकमेकींची दुहेरीतली जोडीदार व्हायला तयार नाहीत.