बाहेरच्या पासिंगच्या गाडीला एमएच नंबर घेतला, त्या सगळ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकतो म्हणजे घाईतल्या लोकांनी इथूनच सुटावं. केंद्राचा कायदा ४, पोर्टल ४, एजंट ३.५, आणि दोन राज्यांच्या मधली जी जागा आहे ना जिथे कुणाचंच राज्य नाही, तिला १, तोही उदार मनाने.

झालं असं की शेजारच्या राज्यात चार वर्षं नोकरी केली, तिथेच गाडी घेतली, पेट्रोल, दहा लाखांच्या आतली, आणि शोरूममध्येच १५ वर्षांचा रोड टॅक्स एकरकमी भरून मोकळा झालो. मग बदली होऊन पुण्यात आलो. एक दिवस सिग्नलला हवालदारांनी बाजूला घेतलं, गाडी इकडे किती दिवसांपासून? म्हटलं आठ-नऊ महिने झाले असतील. तर म्हणाले वर्षाच्या आत पासिंग बदलून घ्या साहेब, नंतर त्रास होईल. मला वाटलं चहापाण्याचा विषय आहे, पण नाही, पावती नाही काही नाही, नीट सांगून सोडून दिलं. घरी येऊन बघितलं तर खरंच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४७, गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा.

आता मी एजंटकडे जाऊन पहिला बावळट प्रश्न विचारला, अहो टॅक्स तर भरलाय की १५ वर्षांचा, परत कशाला? तो हसला आणि म्हणाला, "साहेब, गाडी भारताची असते हो, टॅक्स राज्याचा असतो." एका वाक्यात अख्खं नागरिकशास्त्र. शाळेत केंद्र सूची, राज्य सूची, समवर्ती सूची घोकली होती, पण ती दोन मार्कांसाठी, खिशातून पैसे जायला लागल्यावर राज्यघटनेची सातवी अनुसूची, म्हणजे जिथे या सूच्या आहेत ती, पहिल्यांदा नीट वाचली. गाड्यांचा विषय समवर्ती सूचीत नोंद ३५ ला, म्हणजे कायदा दोघंही करू शकतात आणि केंद्राने केलाय. पण गाडीवरचा टॅक्स राज्य सूचीत, नोंद ५७. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, बाकीचे रस्ते राज्याचे, पोलीस राज्याचे. म्हणजे नंबर कधी बदलायचा ते दिल्लीचा कायदा सांगणार आणि बदलताना पैसे मुंबईच्या तिजोरीत जाणार. महाराष्ट्रात हा टॅक्स १९५८ च्या कायद्याने घेतात, माझ्यासारखी गाडी नवी घेतली तर ११ टक्के, जुनी बाहेरून आणली तर गाडीच्या वयाप्रमाणे कमी. नशीब.

प्रोसेस सांगतो. जुन्या आरटीओतून एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८. लोन असेल तर बँकेचं पत्र आधी. चेसिस प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा ठसा लागतो, तो पेन्सिल घासून कागदावर काढतात, २१ व्या शतकात हे बघून मला फार बरं वाटलं का माहीत नाही. मग इकडे फॉर्म २७, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, गाडी दाखवायची, टॅक्स भरायचा, नंबर मिळतो. अर्ज ऑनलाइन होतात, सरकारचं 'वाहन' पोर्टल बऱ्यापैकी चालतं, स्टेटस दिसतं, फी ऑनलाइन, खोटं कशाला बोला. कायद्यात एक झकास गोष्ट पण आहे, कलम ४८, एनओसीच्या अर्जावर ३० दिवसांत नकार कळवला नाही तर ती दिली असंच धरायचं. हे मी एजंटला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. तो म्हणाला धरा की साहेब, पण इकडच्या काउंटरला कागद दाखवावा लागतो. गप्प बसलो.

एनओसी आली, नंबर मिळाला, इथपर्यंत मी ४ स्टार देणार होतो.

खरी मजा रिफंडची. जुन्या राज्यात १५ वर्षांचे भरलेत, वापरले चार, उरलेल्याचा काही भाग नियमाने परत मिळतो. पण इकडचे पैसे आधी पूर्ण भरायचे, नवीन आरसी घ्यायची, मग ती दाखवून तिकडे मागायचे. तिकडच्या ऑफिसात म्हणे अर्ज स्वतः येऊन द्या, इकडच्या ऑफिसात म्हणे रिफंडशी आमचा संबंध नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हो, तेच तर दुःख आहे. दोन हेलपाटे झाले, एक रजा गेली, पैसे अजून नाहीत.

यावर ऑफिसातले मित्र लगेच सुरू, टॅक्स सरळ केंद्राकडेच द्या, एक देश एक टॅक्स, कटकट संपली. मला हे पटत नाही. राज्याकडे स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न उरलंय किती? विक्रीकराचा मोठा भाग २०१७ ला जीएसटीत गेला, हातात राहिलं पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारू, स्टँप ड्युटी, गाड्या, वीज, असं मोजकंच. त्यातलं आणखी एक काढून घेतलं तर राज्याने प्रत्येक गोष्टीला दिल्लीकडे हात पसरायचा का. आणि राज्याला स्वतःचं डोकं चालवायला जागा हवीच, २०१९ ला वाहतुकीचे दंड वाढले तेव्हा गुजरातने बरेचसे कमी करून लावले, महाराष्ट्राने आधी थांबवून ठेवले, कारण तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता भरून मोकळं व्हायचा, दंड ठरवायचा अधिकार त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० ने राज्याला आहे. आवडो न आवडो, त्याचा जाब आपण जवळच्या माणसाला विचारू शकतो.

माझं म्हणणं एवढंच की अधिकार ज्याचा त्याच्याकडे राहू दे, हिशोब तुम्ही आपसात करा ना. जीएसटीत हे जमलंय. माल एका राज्यातून दुसऱ्यात गेला की आयजीएसटी केंद्र गोळा करतं आणि माल जिथे खपला त्या राज्याचा वाटा तिकडे वळता करतं, बिस्किटाचा पुडा घेणाऱ्याला कुणी सांगत नाही की आधी दोन्हीकडे भर आणि मग रिफंडला ये. बिस्किटाला जमतं ते गाडीला का नाही? गाडीचा नंबर, टॅक्स किती भरला, किती वर्षं झाली, सगळं एकाच पोर्टलवर आहे, फक्त पैसे सरकत नाहीत, ते सरकवायला मी, म्हणजे दोन सरकारांमधला बिनपगारी शिपाई. अशा गोष्टी बोलायला आंतरराज्य परिषद आहे म्हणे, केंद्र आणि राज्यं एकत्र बसतात ती, राज्यघटनेचं कलम २६३, स्थापना १९९०, २०१६ ची तिची बैठक ही अकरावी होती. २६ वर्षांत अकरा. आमच्या सोसायटीची मीटिंग पण यापेक्षा जास्त वेळा होते आणि तिथे तर पार्किंगवरून खुर्च्या उचलतात.

भारत सिरीज का नाही घेतली असं विचारणाऱ्यांसाठी, बीएच नंबर २०२१ पासून आहे, पण प्रायव्हेटवाल्यांना कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत, केंद्रशासित धरून, असावी लागतात. आमची दोन. सरकारी नोकरीत असाल तर डोळे झाकून बघा, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, बदली झाली की हा सगळा तमाशा नाही. आणि गंमत म्हणजे तिथेही टॅक्स राज्यालाच जातो, म्हणजे राज्याचा हक्क न काढता सोय करता येते हे त्यांना माहितीये.

एजंटचा अर्धा स्टार कापला कारण त्याने फास्टॅगचं सांगितलंच नाही. नंबर बदलला की बँकेत नवीन आरसी देऊन तो अपडेट करावा लागतो, माझा अजून जुन्याच नंबरवर आहे, शनिवारी कोकणात जायचंय, उद्या सकाळी बँकेत जातो.