मिलेची दोन चित्रं, दोन वडील

फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिलेचं ‘ला बेके’ (म्हणजे ‘चोचीतला घास’; सुमारे १८६०, फ्रान्समधल्या लील शहराच्या संग्रहालयात) पाहा: उंबऱ्यावर तीन लेकरं, आई पुढे वाकून चमच्याने भरवतेय, एकाने पिल्लासारखं तोंड वासलंय. वडील दूर मागे बागेत खणताहेत, पटकन दिसतही नाहीत. पण लेकरांच्या तोंडी जाणारा घास त्यांच्याच कष्टाचा, हे मिले न बोलता सांगतो.

‘पहिली पावलं’मध्ये मात्र बाबांनी फावडं टाकलंय. गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरलेत. आईने धरलेलं बाळ झेपावतंय. हे चित्र लगेच लळा लावतं. चित्रकार व्हॅन गॉगने १८९० मध्ये या चित्राच्या छायाचित्रावरून ते तैलरंगांत रंगवलं, यात नवल नाही.

माझं मत तरीही ‘ला बेके’ला. तिथली माया राबणारी आहे.