उन्हाळ्यातील परसबागेचे पाणी: झारी, पुरलेली मडकी की ठिबक?

स्वतःच्या खाण्यापुरता भाजीपाला पिकवून काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबाचा उन्हाळ्यातला दिवस पाण्यापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा पाण्यापाशीच संपतो. ऊन चढायच्या आत वाफे भिजले पाहिजेत, टाकीत संध्याकाळपुरते पाणी शिल्लक राहिले पाहिजे आणि हे सगळे घरातली बाकीची कामे सांभाळून झाले पाहिजे. अशा घराने झारीने पाणी घालत राहावे, मातीची मडकी पुरावीत की ठिबकच्या नळ्या टाकाव्यात, हा प्रश्न दर वर्षी पहिल्या उकाड्याबरोबर समोर येतो. आम्ही या तिन्ही पद्धती एकाच बागेत वापरल्या आहेत. त्यातून माझे असे मत झाले आहे की, पाणी कोणत्या पद्धतीने किती वाचते यापेक्षा घरातील माणसे रोज खात्रीने काय देऊ शकतात, म्हणजे वेळ, लक्ष की सुरुवातीचा खर्च, यावरून ही निवड करावी.

आधी गरजेचा हिशेब करावा, कारण तो न करता केलेली खरेदी हमखास चुकते. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर पाणी देणे. कडक उन्हाच्या कोरड्या दिवसांत भरात आलेल्या भाजीपाल्याला दिवसाला ५ ते ७ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर १.२ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब वाफ्याला रोज सुमारे ४३ लिटर लागतात. असे चार वाफे असतील तर हा आकडा १७० लिटरच्या आसपास जातो. दहा लिटरच्या झारीने हे पाणी घालायचे तर सतरा झाऱ्या भराव्या लागतात, आणि दोन्ही हातांत एकेक झारी घेतली तरी नऊ खेपा होतात. हे काम एक दिवसाचे नसून तीन-चार महिन्यांचे आहे, याचा विचार उत्साहाच्या भरात सहसा होत नाही.

कोणतीही पद्धत निवडा, पण त्याआधी माती झाका. वाळलेले गवत, पालापाचोळा किंवा पेंढा यांचा ५ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर दिला की मातीवर थेट ऊन पडत नाही आणि पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी बऱ्याच अंशी मातीत टिकते. थर घालण्यापूर्वी वाफा खोलवर भिजवून घ्यावा, कारण आच्छादन ओल जशी धरून ठेवते तशीच कोरड्या मातीपर्यंत पाणी पोचूही देत नाही. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाही तर तेथे सतत दमटपणा राहून खोड कुजते. नुकते कापलेले हिरवे गवत जाड थराने घातल्यास ते चिकटून बसते आणि तापते, म्हणून ते आधी वाळवून घ्यावे. या कामाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि काटकसर हाच उद्देश असेल तर खालीलपैकी कोणत्याही खरेदीपूर्वी एक उन्हाळा केवळ आच्छादन आणि झारी यांवर काढून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

झारीचा मोठा गुण असा की ती माणसाला प्रत्येक झाडापाशी नेते. पानाच्या मागच्या बाजूला चिकटलेली अंडी, एका फांदीचे पिवळे पडणे, वेलीचा सुटलेला आधार, या गोष्टी पाणी घालतानाच दिसतात आणि वेळेवर दिसल्यामुळे पुढचे नुकसान टळते. पेरलेल्या वाफ्याला तर झारीवाचून गत्यंतर नाही, कारण बी रुजेपर्यंत मातीचा वरचा थर सतत ओला हवा असतो आणि ते काम मडके किंवा ठिबक यांना नीट जमत नाही. दोष मात्र पाणी घालण्याच्या सवयीत असतो. दमलेला माणूस रोज थोडे थोडे वरवर शिंपडतो. माती काळी दिसते, समाधान होते, पण दोन बोटे खाली ती कोरडीच असते आणि ओल जेथे असेल तेथेच वाढणारी मुळे वर वर पसरून पहिल्या कडक दुपारी झाडे माना टाकतात. त्याऐवजी झाडाभोवती आळे करून, शिंपडणारे तोंड काढून, खोडाशी सावकाश भरपूर पाणी द्यावे आणि भारी जमीन असेल तर पुढचे पाणी दोन-तीन दिवसांनी द्यावे. वाळूमिश्रित जमिनीत हे अंतर कमी करावे लागते. पाणी द्यायची वेळ झाली की नाही, हे वरच्या मातीच्या रंगावरून ठरवू नये. आच्छादन बाजूला सारून वीतभर खालची माती मुठीत दाबून पाहावी: गोळा होऊन बोटाच्या हलक्या दाबाने फुटला तर वाफसा, म्हणजे पुरेशी ओल, आहे, मूठ उघडताच माती भुसभुशीत गळून पडली तर पाणी हवे आहे, आणि हाताला चिखल लागला तर आणखी एक दिवस थांबावे.

मडका सिंचन ही जुनी पद्धत आहे. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लेखनातही पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आढळते. तिचे कार्य ज्या तत्त्वावर चालते ते समजून घेतले तर ती कोठे चालेल आणि कोठे नाही, हे आपोआप कळते. न झिलईच्या भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. बाहेरची माती कोरडी असली की ती मडक्यातील पाणी ओढून घेते, आणि ओली झाली की ही ओढ मंदावते. म्हणजे पाणी किती द्यायचे हे माणसाऐवजी माती आणि मुळे ठरवतात. पाऊस पडून गेल्यावर मडके जवळजवळ तसेच भरलेले राहते, हे आमच्या घरातील मुलांना सर्वांत नवलाचे वाटले होते.

पाच ते दहा लिटरचे मडके मानेपर्यंत पुरावे, तोंड मातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावे आणि त्यावर झाकण अवश्य ठेवावे. झाकण नसेल तर पाणी उडून जाते, डास होतात आणि लहान प्राणी आत पडून मरतात. विकत घेताना मडके पाण्याने भरून तासभर ठेवावे. बाहेरून ते गडद आणि दमट झाले तर उपयोगाचे, कोरडेच राहिले तर या कामाला निरुपयोगी. ओल मडक्याभोवती साधारण वीत-दीड वीत पसरते, वाळूमिश्रित जमिनीत त्याहूनही कमी, म्हणून रोपे मडक्याच्या जवळच लावावी लागतात. टोमॅटो, वांगी, भोपळावर्गीय वेली अशा अंतरावर लावायच्या पिकांना ही पद्धत उत्तम आहे, तर दाट पेरलेल्या पालेभाज्यांना अजिबात नाही. नव्या रोपाची मुळे ओलीपर्यंत पोचायला दोन आठवडे तरी लागतात, तोपर्यंत झारी सोडता येत नाही.

रोजच्या जीवनात मडक्यांमुळे पडणारा फरक मला पाण्याच्या बचतीपेक्षाही मोलाचा वाटतो. मडकी दोन ते चार दिवसांनी भरावी लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी बाग कोलमडत नाही, आणि भरण्याचे काम लहान मुलालाही सोपवता येते. आमच्याकडे मुले झाकणाच्या बाजूला टिचकी मारून आवाजावरूनच सांगतात की कोणते रिकामे आहे, आणि फक्त तेच भरतात. मात्र ६ मीटरच्या वाफ्याला सहा-सात मडकी लागतात, म्हणजे चार वाफ्यांना पंचवीस-सव्वीस, आणि तेवढे खड्डे खणणे हे एका माणसाचे दोन दिवसांचे काम आहे. पाणी क्षारयुक्त असेल तर छिद्रे हळूहळू बुजतात व मडके भरलेले दिसूनही झाड तहानलेले राहते, हेही लक्षात ठेवावे.

ठिबकची जमेची बाजू म्हणजे मोठे क्षेत्र आणि मोकळे होणारे हात. एका वाफ्यावर दोन नळ्या, दर ३० सेंटिमीटरवर एक ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारे तोंड), असे धरले तर वाफ्याला चाळीस ड्रिपर होतात. ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल तर ४३ लिटर पाणी अर्ध्या तासात पडायला हवे. परंतु ताशी २ लिटर हा आकडा साधारण १ बार दाबाचा असतो, आणि तेवढा दाब मिळायला पाण्याची टाकी सुमारे १० मीटर उंच हवी. पंप न लावता १ मीटर उंचीच्या चौथऱ्यावर पिंप ठेवून चालवायचे असेल, तर दाब ०.१ बारच राहतो, प्रवाह जवळजवळ एक तृतीयांश होतो आणि अर्ध्या तासाच्या कामाला दीड ते पावणेदोन तास लागतात. त्याने बिघडत काही नाही, फक्त हे आधी माहीत असावे. दाब-नियंत्रित प्रकारचे, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे, ड्रिपर मात्र एवढ्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत, तेव्हा पिंपावर चालवायचे असेल तर ते घेऊ नयेत.

ठिबकची खरी दुखरी बाजू म्हणजे नळ्या तुंबणे. इस्रायली अभियंता सिमखा ब्लास यांनी १९६५ मध्ये हात्झेरिम या किबुत्झबरोबर (सामूहिक शेतीवसाहतीबरोबर) ठिबकच्या उत्पादनासाठी भागीदारी केली, तेव्हा त्यांच्या रचनेचा गाभाच हा होता की बारीक छिद्राऐवजी लांब वाटेने पाणी नेऊन त्याचा वेग कमी करावा, म्हणजे ते लवकर बुजणार नाही. तरीही क्षार, शेवाळ आणि बारीक गाळ आपले काम करतातच. फिल्टर लावलाच पाहिजे व दर आठवड्याला धुतलाच पाहिजे, आणि महिन्यातून एकदा नळ्यांची टोके उघडून गाळ वाहू दिला पाहिजे. आम्ही एका उन्हाळ्यात हे लांबणीवर टाकले. नळ्या आच्छादनाखाली होत्या, वरून सगळे ठीक दिसत होते, आणि टोमॅटोच्या ओळीतील काही फळांच्या बुडाशी काळे, खोलगट डाग पडू लागले तेव्हा आमचे डोळे उघडले. ओल अनियमित झाली की फळापर्यंत कॅल्शियम पुरेसे पोचत नाही आणि असे डाग पडतात. पेंढा उचलून पाहिला तर सलग पाच ड्रिपर पांढऱ्या क्षाराने बंद झालेले होते. चूक पद्धतीची नव्हती, आमच्या दुर्लक्षाची होती, पण ही पद्धत दुर्लक्ष लपवते, हे निवड करणाऱ्याने मनाशी ठेवावे. टायमर लावून चार दिवस गावाला जाणाऱ्यांनी तर विशेष ध्यानात घ्यावे की, एक नळी सुटली तर संपूर्ण टाकी एकाच जागी रिकामी होते.

आता प्रत्यक्ष निवड. बाग दोन वाफ्यांपुरती असेल, घरी रोज कोणी तरी असेल आणि पाणी जवळ असेल, तर आच्छादन व झारी पुरेशी आहे, आणखी काही विकत घेऊ नये. पाणी मोजकेच असेल, घरात मुले किंवा जास्त वजन न उचलू शकणारी वयस्क माणसे असतील आणि पिके अंतरावर लावायची असतील, तर फळभाज्यांच्या वाफ्यांत मडकी पुरावीत. चारांहून अधिक वाफे असतील आणि सकाळची वेळ दुसऱ्या कामांनी भरलेली असेल, तर ठिबक घ्यावे, परंतु फिल्टर धुण्याची जबाबदारी घरातील एका ठरावीक व्यक्तीच्या नावावर असावी. सगळ्यांचे काम म्हणजे कोणाचेच नाही, हे ठिबकच्या बाबतीत फार लवकर प्रत्ययाला येते. संपूर्ण बागेला एकच पद्धत लावण्याचीही गरज नाही. आमच्याकडे रोपवाटिका आणि पालेभाज्या झारीवर, वेली व टोमॅटो मडक्यांवर आणि लांबच्या दोन वाफ्यांतील शेंगभाज्या ठिबकवर आहेत.

हंगाम संपल्यावरचे कामही निवडीपूर्वीच विचारात घ्यावे. मडकी उकरून, बाहेरून ताठ ब्रशने घासून, पाण्यात भिजवून आणि उन्हात पूर्ण वाळवून ठेवली तर छिद्रे मोकळी राहतात. ज्या प्रदेशात पाणी गोठते तेथे ती जमिनीत भरलेली राहिली तर हमखास तडकतात. ठिबकच्या नळ्या धुऊन, रिकाम्या करून, गुंडाळून सावलीत ठेवाव्या लागतात, आणि त्या पायाखाली येणार नाहीत व उंदीर कुरतडणार नाहीत अशी जागा लागते. पंचवीस मडकी ठेवायला एका खोलीचा कोपरा जातो, तर नळ्यांची वेटोळी एका खुंटीवर मावतात.