गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेलं, त्याला आठ महिने झाले

२०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आला, पण आमच्या हाउसिंग फायनान्स कंपनीचा दर काही ९.४० वरून हलेना. तो कंपनीच्या स्वतःच्या प्राइम रेटला, म्हणजे तिनेच ठरवलेल्या मूळ दराला, बांधलेला होता. शिल्लक कर्ज ३१ लाख ४० हजार, मुदत १४ वर्षं. शेवटी ऑगस्टमध्ये पुण्यातल्याच एका सरकारी बँकेत ७.५० टक्क्यांनी कर्ज नेलं. हप्ता ३३,६७५ वरून ३०,२४३ वर आला. निर्णय योग्यच होता. पण मधल्या एका महिन्यात हप्त्यांचं काय होतं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

जुन्या कंपनीच्या फोरक्लोजर लेटरमध्ये, म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडायला किती भरायचे ते सांगणाऱ्या पत्रात, २२ ऑगस्टपर्यंतची रक्कम होती आणि खाली बारीक अक्षरात, त्यापुढे रोज ८०९ रुपये व्याज. नव्या बँकेने डीडी काढला तो २२ तारखेलाच, शुक्रवारी. त्या दिवसापासून तिचं व्याज सुरू. शनिवारी कंपनीचा काउंटर बंद, म्हणून डीडी सोमवारी भरला आणि मंगळवारी २६ ला तो कर्जखात्यात जमा झाला. चार दिवस दोन्हीकडे व्याज! ३,२३६ रुपये कमी पडले आणि खातं बंद झालंच नाही. ना फोन, ना मेल. बुधवारी घरी गणपती बसले, आम्हीही त्यात गुंतलो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी, ५ सप्टेंबरला, जुना हप्ता पूर्ण कापल्याचा मेसेज आला तेव्हा उलगडा झाला.

खरं तर त्याआधी एजंट मला सांगत होता, "सर, जुना ईसीएस आजच थांबवा." ईसीएस किंवा मॅन्डेट म्हणजे खात्यातून दरमहा हप्ता आपोआप कापायची परवानगी. मी थांबवणारही होतो. नव्या बँकेच्या कर्ज विभागातल्या मॅडमनी अडवलं. "खातं बंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत मॅन्डेटला हात लावू नका," म्हणाल्या. त्यांचे उपकार मानतो. खातं चालू असताना हप्ता बाउन्स झाला असता तर दंड लागला असता आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडला असता तो वेगळाच. जास्तीचे पैसे परत यायला १९ दिवस लागले, पण आले. त्या महिन्यात नव्या बँकेनेही ऑगस्टमधल्या दिवसांचं व्याज कापलं, साधारण साडेसहा हजार. पूर्ण हप्ता ऑक्टोबरपासून. म्हणून सांगतो, बचत खात्यात दोन्ही हप्त्यांएवढी रक्कम ठेवूनच यात उतरा, आणि फोरक्लोजर लेटर मागताना तारीख आठवडाभर पुढची घ्या.

फोरक्लोजरचा दंड लागला नाही. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर तो लावताच येत नाही. अर्ज दिल्यावर कंपनीने ८.६० देऊ केले होते. इतकी वर्षं का नाही दिले, याचं उत्तर मात्र मिळालं नाही.

मूळ कागदांसाठी मी लेखी अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत ते परत करावे लागतात, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अर्जात हे वाक्य मुद्दाम घातलं. २४ व्या दिवशी करारनामा आणि इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) हातात पडला. काउंटरवरच बसून जुन्या यादीशी एकेक पान ताडून पाहिलं. नोंदणीची एक पावती राहिली होती, ती तिथल्या तिथे मागून घेतली.

प्रोसेसिंग, वकील, मूल्यांकन, स्टॅम्प ड्यूटी मिळून २३ हजारांच्या आसपास खर्च आला, तो सातव्या हप्त्यापर्यंत वसूल झाला. डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ झाला, तेव्हा नव्या बँकेने पुढच्या रीसेटला, म्हणजे दर नव्याने ठरवायच्या तारखेला, पाव टक्का आपणहून कमी केला. मी हप्ता तोच ठेवायला सांगितला, मुदत घटली.

आता इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी व्याजाचे दोन दाखले लागणार आहेत, एक जुन्या कंपनीचा, एक बँकेचा. कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आत तिथलं स्टेटमेंट उतरवून ठेवलंय.