टॉनिक तपासायचंय: अर्धं शेत की पट्टे?

सोयाबीनवर नवं टॉनिक मारावं का, आणि मारलं तर गुण आला हे कळणार कसं, असं एका भाच्याने विचारलंय. बाटलीवर काय छापलंय ते सोडून देऊ. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: अर्ध्या शेतात फवारणी, नाहीतर आठ पट्टे आखून कुठल्यावर मारायचं ते नाणं उडवून ठरवणे.

कष्टात अर्धं शेत केव्हाही सोपं. फवारणी एका दमात, मळणीला दोनच ढीग. पट्ट्यांना खुंट्या ठोका, आठ ढीग वेगळे ठेवा, आठदा वजन करा. टॉनिक तेवढंच लागतं, मजुरी मात्र वाढते.

भरवशाचं म्हणाल तर अर्ध्या शेताची गोची आहे. नाल्याकडची जमीन भारी, बांधाकडे मुरमाड. उतारा वाढला तो टॉनिकने की जमिनीने, सांगता येत नाही. पट्टे उताराच्या दिशेने लांब आखा आणि शेजारच्या दोघांची जोडी लावा. फवारायचा कुठला हे नाणं ठरवेल, आपण नाही. (आपला हात चांगल्या पिकाकडेच वळतो.) दुसऱ्यावर नुसतं पाणी मारा. वाऱ्याने फवारा उडतो म्हणून कडेच्या ओळी मोजू नका. टॉनिक कुचकामी असलं तरी चारही जोड्यांत तेच सरस ठरण्याची शक्यता १६ त १ उरते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१९ पासून इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात शेतीच्या प्रयोगांतूनच ही पद्धत घडवली.

टॉनिकने पानं करपतात का, एवढंच बघायचं तर अर्धं शेतही जास्तच, चार ओळी पुरेत. दरवर्षी पैसे घालायचे असतील तर पट्टेच.