बीएलएस कोर्स केला, पोटाबद्दल जे शिकवलं ते खास आवडलं

नुकताच बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायचा) कोर्स केला, ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी लिहितेय. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, 5 ते 6 सेंमी खोल, 30 दाब झाले की 2 श्वास, हे तर सगळीकडेच शिकवतात, इथेही नीट करून घेतलं, डमी चांगल्या होत्या, पुरेसं दाबलं की टक् आवाज येतो.

पण खरा फरक पडला तो ट्रेनर मॅडममुळे. एरवी बरगड्या मोडू शकतात एवढं सांगून पुढे जातात, यांनी पोटात काय होऊ शकतं तेही सांगितलं. हात खाली सरकून छातीच्या हाडाच्या टोकावर आला तर त्याच्या मागचं लिव्हर फाटू शकतं, त्यातही जास्त करून डावा भाग, क्वचित प्लीहाही. आणि हात अगदी बरोबर जागी असला तरी कधीतरी होतंच, हेही त्यांनी लपवलं नाही. जठराचं तर मला माहीतच नव्हतं, श्वास जोरात किंवा घाईघाईत दिले की हवा पोटात जाते, पोट टम्म फुगतं, वरून छाती दाबणं चालूच, अशात एखाद्याचं जठर फाटू शकतं. म्हणून एक श्वास एका सेकंदात आणि छाती उचललेली दिसली की बास!

हे सगळं फार कमी वेळा होतं आणि याच्या भीतीने दाबायचं थांबलात तर माणूस जाईलच, हे त्यांनी इतकं ठासून सांगितलं की कोणी घाबरलं नाही.

हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांनी तर ऐकावंच. हृदय परत सुरू झालं तरी बीपी टिकत नाही, हिमोग्लोबिन उतरतंय, पोट फुगतंय, तर नुसतं हार्टमुळेच असेल असं धरून बसू नका, पोटाची सोनोग्राफी करून बघा. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध दिलेलं असेल तर लिव्हरची छोटी जखमसुद्धा वाहत राहते.

कमी काय वाटलं, तर डमीला पोटच नाही, हवा जास्त गेली तरी कळत नाही. अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हात बसायला वेळही फार कमी मिळाला, आणि पोट फुगतं ते तर तिथेच चुकल्यामुळे. नाव नोंदवायच्या आधी बॅगची प्रॅक्टिस प्रत्येकाला देणार का ते विचारून घ्या.