बुयों शार्तिए : लोण्या-चीजचे जेवण आणि बेताने खाण्याची रीत

पॅरिसच्या नवव्या विभागात ‘ग्राँ बुलव्हार’ मेट्रो स्थानकातून वर आले की फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर 7 क्रमांकाची इमारत लागते. बोळातून आत गेल्यावर एक चौक येतो आणि चौकाच्या टोकाला लाकडी फिरते दार. दारापलीकडे बुयों शार्तिए हे 1896 पासून चालू असलेले भोजनगृह आहे. लेकीकडे सहा आठवडे राहायला गेले असताना मी तिथे चार वेळा जेवले. पहिल्यांदा गेले ती स्वस्त आहे म्हणून. पुढच्या तिन्ही वेळा मात्र एक प्रश्न मनात धरून गेले. लोणी, साय, चीज, बदकाची चरबी आणि पांढरा पाव यांवर पोसलेली ही माणसे आमच्याकडच्या समवयस्कांपेक्षा अंगाने इतकी शिडशिडीत कशी, हे मला जवळून पाहायचे होते. म्हणून या परीक्षणात जागेबद्दल आणि चवीबद्दल जितके आहे तितकेच तिथल्या जेवण्याच्या पद्धतीबद्दलही आहे.

‘बुयों’ म्हणजे मांस उकळून काढलेले पाणी, मटणाच्या पातळ रश्श्यासारखे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या मध्यवर्ती बाजारात राबणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी द्युवाल नावाच्या एका खाटकाने, श्रीमंत गिऱ्हाईक ज्या मांसाला हात लावत नसे ते रश्श्यात शिजवून, स्वस्तात गरम जेवण द्यायला सुरुवात केली आणि त्या प्रकारच्या जेवणघरांना पदार्थाचेच नाव पडले. मराठीत याला ‘खाणावळ’ याहून जवळचा शब्द नाही. शार्तिएच्या भिंतीवर आजही क्रमांक घातलेले लहान लाकडी खण दिसतात. रोज जेवायला येणारे आपापले कापडी रुमाल त्यांत ठेवत. आपल्याकडच्या खाणावळीत महिनेवारीच्या मेंबराची वही असे, तशीच ही सोय.

दालन मोठे आहे. उंच छताला काचा, भिंतींना आरसे, पांढऱ्या गोल दिव्यांचे झुपके आणि बाकांच्या डोक्यावर कोट-टोप्या ठेवायला रेल्वेच्या डब्यात असते तशी पितळी फळी. 1989 मध्ये या वास्तूची ऐतिहासिक स्मारक म्हणून नोंद झाली, त्यामुळे हे सगळे जसेच्या तसे राहिले आहे. टेबल आगाऊ राखता येत नाही. रांग लागते, पण ती भराभर सरकते. दोघेच असाल तर अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतात, आणि मला तर तीच या जागेची सर्वांत मोठी देणगी वाटते. टेबलावर कागद अंथरलेला असतो. काळे जाकीट आणि कमरेपासून खाली लांब पांढरे ॲप्रन घातलेला वेटर तुमची मागणी त्या कागदाच्या कोपऱ्यावरच लिहितो आणि शेवटी हिशेबही तिथेच मांडतो. आवाज भरपूर असतो. निवांत कुजबुजत बोलायचे असेल त्यांनी दुसरी जागा पाहावी.

आता जेवण. पहिल्या दिवशी मी सुरुवातीला व्हिनेग्रेतमधला लीक घेतला. लीक हा कांद्याच्याच कुळातला, जाड पांढऱ्या दांड्याचा भाजीप्रकार. तो मऊ शिजवून गार करतात आणि मोहरी, व्हिनेगर व तेल फेटून केलेली आंबट चटणी त्यावर घालतात. त्यानंतर बदकाचे ‘कॉन्फी’ आले. बदकाची तंगडी आधी मिठात मुरवून ठेवतात, मग तिच्याच चरबीत अगदी मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि वाढण्यापूर्वी वरची कातडी कुरकुरीत करतात. सुरी लावायची गरजच पडली नाही; काट्याने मांस हाडावरून अलगद सुटले, आणि सोबतचे लहान बटाटे खरपूस होते. चवीला खारट-तुपट, आणि पोटाला दमदार. माझ्या आईने हे पाहिले असते तर “एवढी चरबी?” असे नक्की म्हटले असते. पण ताटलीत नीट पाहिले तर तंगडी एक होती आणि बटाटे मूठभर. पुन्हा वाढायला कोणी येत नाही. आग्रह नाही, ‘अजून थोडे’ नाही. सगळे पदार्थ मी एकदमच सांगितले होते, तरी ते एकदम आले नाहीत. पहिली बशी उचलल्यावर दुसरी आली आणि दुसरी उचलल्यावर तिसरी. डावी-उजवी बाजू भरलेले ताट समोर यायची सवय असलेल्या मला हे सुरुवातीला उगाच ताटकळणे वाटले. पण मधल्या आठ-दहा मिनिटांत भूक आपोआप उतरत जाते, हे दुसऱ्या खेपेला लक्षात आले.

दुसऱ्या खेपेला माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ एकटेच जेवायला बसले होते. त्यांचे जेवण मी, शिष्टाचार सोडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. त्यांनी उकडलेले अंडे आणि मेयोनेझ मागवले. अंडे एकच, दोन फाकी केलेले. मग खिम्याचे स्टेक आणि तळलेले बटाटे, पाव लिटर तांबडी वाइन आणि कॅमाँबेर चीजचा एक तुकडा. पाव त्यांनी बशीत न ठेवता बशीशेजारी कागदावरच ठेवला, कारण तिथली रीतच तशी आहे. पावाला लोणी लावले नाही. जेवणातल्या पावाबरोबर तिथे बहुतेक ठिकाणी लोणी देतही नाहीत. उरलेला रस त्यांनी पावाच्या तुकड्याने निपटून घेतला. चीज आल्यावर ते काही क्षण नुसतेच बघत राहिले, मग त्याचे पाच लहान काप केले आणि प्रत्येक काप पावाच्या एकेका घासाबरोबर, मध्ये वाइनचा घोट घेत खाल्ला. बटाटे सात-आठ उरले होते, ते तसेच राहू दिले. फोन काढला नाही. शेवटी बिनदुधाची लहान कॉफी घेतली आणि उठले. या सगळ्याला पंचावन्न मिनिटे लागली.

त्या चीजचा हिशेब मी घरी येऊन मांडला. अख्खे कॅमाँबेर साधारण 250 ग्रॅमचे असते आणि त्याचा आठवा भाग म्हणजे 30 ग्रॅमच्या आसपास. त्यात स्निग्धांश साडेसहा ग्रॅम, उष्मांक नव्वदीच्या आत. चहाबरोबर आपण सहज मूठ-दोन मुठी फरसाण तोंडात टाकतो, त्यापेक्षा हे जास्त नाही. त्या गृहस्थांनी चीज खाल्ले खरे, पण ‘चीज खाणे’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते हे नव्हते.

हा माझा एकटीचाच ग्रह नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या फ्रेंच-अमेरिकन सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या एकमेकांशी तुल्य अशा भोजनगृहांतले पदार्थ चक्क वजनकाट्यावर तोलले. पॅरिसमधला सरासरी वाढा 277 ग्रॅम निघाला, तर फिलाडेल्फियातला 346 ग्रॅम. त्याहून मला बोलका वाटला तो वेळेचा आकडा. बर्गरच्या एकाच साखळीत बसूनसुद्धा पॅरिसकर सरासरी 22 मिनिटे खात होते आणि फिलाडेल्फियाचे लोक 14 मिनिटे. म्हणजे कमी अन्न, आणि त्याला जास्त वेळ. शार्तिएच्या टेबलावर हेच तर दिसते.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. ‘फ्रेंच विरोधाभास’ हा शब्दप्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो आणि त्याचा अर्थ ‘फ्रेंच लोक लोणी खाऊन बारीक राहतात’ असा लावला जातो. सर्ज रनो या फ्रेंच संशोधकाने 1992 मध्ये ज्या निबंधातून तो गाजवला, त्याचा विषय वजन हा नव्हता. संपृक्त स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही हृदयविकाराने होणारे मृत्यू तिथे कमी का, हा त्याचा विषय होता. त्याचे श्रेय वाइनला देण्याकडे त्याचा कल होता आणि ते श्रेय पुढे फार वादग्रस्त ठरले. तेव्हा शार्तिएत जाऊन ‘प्रकृतीसाठी’ म्हणून वाइन मागवू नये. आवडत असेल तर पाव लिटरची सुरई दोघांत पुरते.

दुसरी गोष्ट अशी की सगळे फ्रेंच बारीक आहेत हेही खरे नाही. 1997 मध्ये तिथल्या प्रौढांपैकी 8.5 टक्के स्थूल होते. 2020 पर्यंत हे प्रमाण 17 टक्क्यांवर गेले. उत्तरेकडच्या भागांत आणि कमी उत्पन्नाच्या घरांत ते आणखी जास्त आहे. शार्तिएमध्ये जे दिसते ती एक जुनी रीत आहे, आणि ती टिकवायला त्या देशाला कायदे करावे लागत आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 2005 पासून शाळांमधून खाऊ-पेयांची यंत्रे हटवली गेली. शाळेच्या भोजनालयात केचपचे भांडे मनसोक्त वापरायला ठेवता येत नाही. उपाहारगृहात गोड पेयांचा ग्लास हवा तितक्या वेळा फुकट भरून देण्यावर 2017 पासून बंदी आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींखाली ‘दोन जेवणांच्या मध्ये चरत राहणे टाळा’ अशा अर्थाच्या सूचना येतात. कामगार कायद्यानुसार कामाच्या जागेवरच बसून डबा खाऊ देण्यालाही साधारणतः मनाई आहे. लेकीच्या विद्यापीठातली माणसे साडेबारा वाजले की खरोखरच हातातले काम टाकून उठतात. आणि दुपारी चार-साडेचारचा खाऊ, ज्याला ते ‘गूते’ म्हणतात, तो मुख्यतः मुलांसाठी असतो. मोठी माणसे थेट रात्रीच्या जेवणाची वाट पाहतात.

याउलट एका प्रसिद्ध प्रेक्षणीय स्थळाशेजारच्या भोजनालयात, ज्याचे नाव मी इथे देत नाही, आम्हाला दुपारी साडेतीन वाजता कांद्याचे सूप, मोठे पिझ्झाएवढे क्रेप, म्हणजे पातळ धिरडे, आणि आइस्क्रीम एकाच वेळी टेबलावर मिळाले. सूप मध्यभागी गार होते. वाढा भरघोस होता आणि पैसेही शार्तिएच्या दीडपट पडले. फ्रेंच जेवण खाऊन पाहिले, असे त्या जेवणाबद्दल मला म्हणता येणार नाही. प्रवासी कंपनीबरोबर जाणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा असेच जेवण येते, याचे वाईट वाटते.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी लेक शाकाहारी आहे आणि तिच्याबरोबर जेवताना यादी मला बारकाईने वाचावी लागली. सुरुवातीच्या पदार्थांत तिची उत्तम सोय झाली. गाजराचा कीस आपल्या कोशिंबिरीच्या इतका जवळचा की दाण्याचे कूट तेवढे राहिले असे वाटावे. लीकही तिला आवडला. मुख्य पदार्थांची यादी मात्र उघडच मांसाहाराकडे झुकलेली आहे आणि सूप बिनमांसाचे आहे असे गृहीत धरू नये. ज्या घराचे नावच मांसाच्या रश्श्यावरून पडले तिथे आधी विचारून घ्यावे हे बरे. आणखी एक बाब आपल्याकडे फारशी ठाऊक नसते : कॅमाँबेरसारखी परंपरागत फ्रेंच चीजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, साकळवतात. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजचा विचार हे जाणून करावा. लेकीने दोन सुरुवातीचे पदार्थ, पाव आणि गोड असे जेवण केले आणि ती तृप्त उठली.

गोडाबद्दल लिहिले नाही तर हे परीक्षण अपुरे राहील. ‘शू शाँतिई’ म्हणजे हलक्या पोकळ पिठाच्या गोळ्यात फेटलेली गोड साय भरतात. शार्तिएमध्ये मला मोजूनमापून न वाढलेला पदार्थ तेवढा हाच दिसला. साय उंच रचलेली होती. पण बाजूच्या टेबलावर चार फ्रेंच तरुणींनी एकच मागवून चार चमचे घेतले, आणि आम्हीही पुढच्या वेळी तसेच केले. साय ताजी होती आणि साखर इतकी बेताची की दुधाची चव लागत होती. पेढे-बासुंदीवर वाढलेल्या जिभेला ती पहिल्या चमच्यात फिकी वाटते, तिसऱ्या चमच्याला पुरेशी वाटू लागते.

किमतीच्या मानाने इतकी चांगली दुसरी जागा मला पॅरिसमध्ये सापडली नाही. सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि गोड असे तिन्ही मिळून माणशी वीस युरोंच्या आसपास होतात. पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. पाण्यासाठी ‘युन काराफ द’ओ’ एवढे म्हणावे, नाहीतर विकतची बाटली येण्याची शक्यता असते. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, त्यामुळे बक्षिसी देणे बंधनकारक नाही. भोजनगृह दुपारी साडेअकरापासून मध्यरात्रीपर्यंत सलग उघडे असते, पण बाराच्या आत पोहोचलात तर रांग लहान असते आणि शेजारी नेहमीची माणसे बसण्याचा संभव अधिक. मोंपार्नासमध्ये 2019 पासून यांची आणखी एक शाखा आहे. तिथली नक्षीदार रंगीत फरशी आणि काचकाम अधिक देखणे आहे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने मूळ जागीच जावे असे माझे मत आहे.

चौथ्या आणि शेवटच्या वेळी लेक आणि मी, दोघींनी मिळून पाच बश्या मागवल्या. वेटरने कागदावर खाली खाली आकडे लिहिले, बेरजेखाली रेघ मारली आणि रक्कम आमच्याकडे वळवून दाखवली : एकतीस युरो आणि काही सेंट. टेबलावर थोडा पाव उरला होता. आम्ही दोघी सव्वा तास बसलो होतो. तिथून तिच्या घरापर्यंतचे चाळीस मिनिटांचे अंतर आम्ही चालत गेलो, आणि रात्री नऊपर्यंत दोघींनाही काही खावेसे वाटले नाही.